बस म्हटलं तरी उभं राहायचं

काल ऊन कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यासमोर चांगली पंधरा मिनिटं उभा होतो. उभं केलं होतं माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं. शमा शाळेतून नवा खेळ शिकून आली होती. एकानं टीचर व्हायचं आणि हुकूम सोडायचे. हुकमाआधी 'टीचर सेज' म्हटलं तर तो पाळायचा. नुसताच हुकूम आला तर जागचं हलायचं नाही. हलला तो बाद.

"टीचर सेज स्टँड अप, अब्बा!" मी उठलो. "नाउ सिट डाउन!" मी उभाच. "सिट डाउन, अब्बा, प्लीज!" मी पुतळा. "यू आर सो गुड!" म्हणून तिनं टाळ्या पिटल्या, तेवढ्यात खालून मैत्रिणीची हाक आली आणि बाई जिन्यावरून धडधडत गेल्या. मला बसवायचं विसरून.

जैबू स्वयंपाकघरातून थाळी घेऊन आली. थाळीत यंदाचे पहिले रुताब, म्हणजे झाडावर नुकते पिकायला लागलेले खजूर. देठाकडे पिवळे आणि कडक, टोकाकडे तपकिरी आणि मऊ. जणू मधात अर्धेच बुडवून काढलेले.

"असे काय खांबासारखे उभे?" जैबूनं विचारलं.

"कुणी बस म्हटलं नाही."

"मी म्हणते ना, बसा."

"तुझ्या म्हणण्यानं नाही चालत."

"सोंगं पुरे आता," म्हणून ती आत गेली.

तिचं चूक नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं माझी एवढी सोंगं पाहिली आहेत की एखाद्या दिवशी मी खरंच मेलो तरी ती म्हणेल, उठा, चहा झालाय. पण काल ते सोंग नव्हतं. रुताबचा वास आणि 'सिट डाउन' हे दोन शब्द एकाच वेळी आले, आणि माझे गुडघेच वाकेनात.

इकडे आखातात उन्हाळ्याच्या या दिवसांना कैझ म्हणतात. आता कैझ म्हणजे वीजबिल, एसीचं टपकणारं पाणी आणि गावाकडच्या विमानात जागा मिळेल का याची काळजी. वीस वर्षांमागे, साठच्या दशकात मी इथे आलो तेव्हा हा देशही नव्हता आणि दिरहमही नव्हता. बाजारात आपलाच रुपया चालायचा. कैझ लागला की दर्यावरची दमट हवा अंगाला ओल्या घोंगडीसारखी चिकटायची, आणि ज्यांना जमायचं ते बायकापोरं, शेळ्या, भांडी घेऊन डोंगरापलीकडे खजुरीच्या बागांत राहायला जायचे. अर्धी वस्ती रिकामी व्हायची. झावळ्यांच्या ओस खोपटांतून वारा शिरायचा आणि सगळी गल्ली वाळल्या पानासारखी वाजायची. माझा वर्गही तेव्हाच सुटायचा.

माझा वर्ग! केवढा रुबाबदार शब्द. हुसेनमामूंच्या, म्हणजे माझ्या आईच्या सख्ख्या भावाच्या, कापडाच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. छतावर वारा पकडणारा चौकोनी मनोरा, खिडकीला पाणी शिंपडलेलं गोणपाट, खाली चटई. मी रत्नागिरीकडचा मॅट्रिक झालेला पोरगा, मामूंच्या दुकानात हिशेब लिहायला आलेला. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी इन्स्पेक्टरचं काम केलेलं, त्यामुळे इंग्रजी येत नसलं तरी येतंय असं दाखवता चांगलं यायचं. समुद्रात तेल शोधणाऱ्या कंपन्या आल्या आणि ज्याला त्याला इंग्रजी हवं झालं. मामूंनी बाजारात सांगून टाकलं, "आमचा भाचा शिकवतो." घरी येऊन मग मला सांगितलं.

पहिल्या दिवशी दहा-बारा दाढीवाले पुरुष समोर बसले. व्याकरण शिकवायचं तर मलाच शिकावं लागलं असतं. म्हणून मी खेळ घ्यायला लागलो. चटईवर चाकू, कांदा, दोरखंड, कंदील, कुलूप मांडायचं, वर फडकं टाकायचं, आणि फडक्याखाली काय काय आहे ते इंग्रजीत सांगायचं. संत्रं फेकायचं, ज्याच्या हातात पडेल त्यानं एक शब्द बोलायचा, नाहीतर संत्रं माझं. त्या वर्षी मी एवढी संत्री खाल्ली की मामू म्हणाले, "फी घेऊ नकोस रे, फळफळावळच घे."

आणि सगळ्यांत लाडका खेळ तो हाच. आमच्याकडे त्याचं नाव 'उस्ताद सेज'. उस्ताद मी.

सुरुवातीला सगळे लाजायचे. जासिम म्हणून एक लँड रोव्हरवाला होता, डोंगरातून प्रवासी नेणारा, दोन बायकांचा नवरा. तो म्हणायचा, "वल्ला उस्ताद, घरी दोघींसमोर कान पकडतो ते पुरत नाही? इथंही पकडायचे?" पण एकदा हसू फुटलं की लाज सरायची. नुसतं 'टच युवर नोज' म्हटल्यावर अकरा नाकांकडे अकरा बोटं जायची आणि पुढच्या क्षणी अकराही जण बाद होऊन कपाळावर हात मारायचे.

बाद न होणारा बारावा म्हणजे खलफान.

खलफान तेव्हा चाळिशीचा असेल. उंच, वाळलेला, तळहात दोरानं कापून कापून चामड्यासारखे झालेले. तरुणपणी तो मोती काढणाऱ्या शेवटच्या गलबतांवर होता. स्वतः बुडी मारणारा नव्हे, वर राहून बुडी मारणाऱ्याचा दोर धरणारा. खालचा माणूस दम संपला की दोराला हिसका देतो, तो ओळखायचा आणि त्याला वर ओढायचं. "लाटही दोर हलवते, उस्ताद," तो मोडक्या हिंदीत सांगायचा, "मासाही हलवतो. त्यांच्या हलवण्यानं ओढलं तर माणसाची बुडी वाया जाते. माणसाच्या हलवण्यानं नाही ओढलं तर माणूस जातो. म्हणून खोट्या हिसक्याला हलायचं नाही. खरा आला की मग थांबायचं नाही." असा माणूस माझ्या खेळात कसला बाद होतोय? माझा नुसता हुकूम त्याच्या लेखी मासा होता. 'उस्ताद सेज' आलं की खरा हिसका.

त्याला इंग्रजी हवं होतं ते मरियमसाठी. मरियम त्याची सात वर्षांची मुलगी. बायको वारलेली. भाऊ कुवेतला बंदरावर ओझी उचलायचा आणि येत्या-जात्या माणसाबरोबर निरोप धाडायचा, इकडे ये, काम आहे. तिकडे गेलं तर मरियम डोंगरापलीकडे खोर फक्कानला आजीकडे टाकावी लागणार. पण कंपनीच्या लाँचवर इथेच खलाशी घेणार होते. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. "सकाळी तिची वेणी मला येत नाही," तो म्हणायचा, "पण संध्याकाळी तिच्याबरोबर जेवता तरी येईल." अट एवढीच, साहेबाचे साधे हुकूम कळले पाहिजेत. ऊठ, बस, दोर उचल, हात दाखव. त्याला ते सगळं येत होतं. अगदी झोपेतही येत होतं.

आणि मला चैन पडत नव्हतं, की हा गडी एकदाही कसा बाद होत नाही!

मी काय काय केलं म्हणून सांगू. एकदा त्याच्या हातात वेलचीची गरम कॉफी दिली, ती ओठापर्यंत गेल्यावर म्हटलं, "ड्रिंक!" पठ्ठ्यानं कप तसाच ओठाशी धरून ठेवला. वाफ गेली, कॉफी थंड झाली, एक माशी येऊन कडेवर बसली, तरी हा डोळ्यांनी हसतोय. शेवटी मीच हरून म्हटलं, "उस्ताद सेज, ड्रिंक." त्यानं ती थंडगार कॉफी एका घोटात संपवली आणि सगळ्यांनी अशी आरोळी ठोकली की दुकानातलं गिऱ्हाईक उठून गेलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी नाटकच उभं केलं. मामूंची जुनी सोला हॅट डोक्यावर, कापसाच्या मिशा, समोर टेबल. खुर्चीत तंगड्या पसरून बसलो आणि त्याला आत बोलावलं. "सिट डाउन!" खलफान उभा. "आय से, सिट डाउन!" टेबलावर मूठ. खलफान उभा. मग मी लाल होऊन ओरडलो, "गेट आउट!" त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू, आणि पाय जमिनीत रुतल्यासारखे. बाकीचे चटईवर लोळत होते.

दारात मामू उभे होते. ते हसले नाहीत.

"अरे, त्याला उद्या साहेबासमोर बसायचंय ना? मग बसायला शिकव. न बसायला काय शिकवतोस?"

"मामू, खेळ आहे हो."

"तुला ठाऊक आहे खेळ आहे. त्याला ठाऊक आहे?"

मी मिशा काढून त्यांना मुजरा केला. पुन्हा हशा. त्या हशात मामूंचं बोलणं कुठे गेलं, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर सगळा वर्ग जमला. जासिमनंच खलफानला कंपनीच्या कचेरीत नेलं होतं. लँड रोव्हर थांबायच्या आत खलफान उतरला आणि दोन्ही हात पसरून खोलीत आला.

"बाद झालो नाही, उस्ताद!"

आणि त्यानं ते सगळं करून दाखवलं. मी शिकवल्यासारखंच, सगळ्यांचे आवाज काढून. साहेबाच्या डोक्यावर हॅट नव्हती, भिंतीवर टांगली होती, पण ती दिसताच त्यानं ओळखलं, हा आपलाच खेळ. साहेब म्हणाला, "गुड मॉर्निंग." यानं म्हटलं, "गुड मॉर्निंग." साहेब म्हणाला, "सिट डाउन, प्लीज." हा उभा. साहेबानं खुर्ची दाखवली, पुन्हा म्हणाला. हा उभा. "मी मनात म्हटलं, उस्तादनं कॉफी देऊन पाहिली, हा खुर्ची देऊन पाहतोय." साहेबानं दोर पुढे टाकला, "पिक इट अप." हा तसाच. साहेब लाल झाला. "तुझ्यासारखाच, उस्ताद! अगदी तुझ्यासारखाच!" मग साहेबानं दाराकडे बोट करून काहीतरी म्हटलं. "त्यालाही फसलो नाही. शेवटी कारकून आला आणि हाताला धरून मला बाहेर घेऊन गेला. तोवर एक पाऊल हललं असेल तर शपथ."

खोलीत आरडाओरडा झाला. कुणी त्याची पाठ थोपटली, कुणी खांद्यावर घेतलं. खलफान माझ्याकडे पाहत होता. शाबासकीसाठी.

मी जासिमकडे पाहिलं. जासिम दारातच उभा होता, किल्ली बोटाभोवती फिरवत. त्यानं नजर खाली केली.

आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओल्या कपड्यावर धोपटणं हाणल्यासारखा.

एक गोष्ट आहे, ती मी जैबूशिवाय कुणाला बोललो नाही. इकडचा माणूस अशिक्षित असो, फाटका असो, समोरच्यानं बस म्हटलं की बसतो. बस म्हणणं हा मान देणं असतो आणि बसणं हा मान घेणं. साहेब कुठल्याही भाषेत म्हणाला असता आणि खुर्चीकडे हात केला असता, तरी खलफान बसला असता. दोर पुढे टाकला असता तर त्या हातांनी आपोआप उचलला असता. माझ्याकडे आला नसता, तर त्याला काम मिळालं असतं.

दुसऱ्या सकाळी मी कचेरीत गेलो. कारकून गोव्याचा होता, भला माणूस. त्यानं वही उलटी करून मला दाखवली. खलफानच्या नावापुढे साहेबानं एक ओळ लिहिली होती, साधा हुकूमही समजत नाही. जागा भरली होती. साहेब दुपारच्या विमानानं सुट्टीवर निघाला होता. "खेळ होता तो," मी कारकुनाला समजावून सांगायला लागलो. नाक, कान, उस्ताद सेज, सगळं. तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, हे मी साहेबाला कसं सांगू?"

खरंच, कसं सांगणार?

त्यानंतर रोज संध्याकाळी खलफान दुकानाच्या पायरीवर यायचा. "कंपनीचं पत्र आलं, उस्ताद?" मी म्हणायचो, "येईल, इन्शाल्ला." इन्शाल्ला हा केवढा मोठा शब्द आहे, आणि मी तो पडद्यासारखा वापरला. रोज तो दोराला हिसका देत होता. दोर माझ्या हातात होता. मला तो खरा हिसका आहे हे पक्कं कळत होतं, आणि मी ओढत नव्हतो.

मग कैझ लागला. खलफान मरियमला घेऊन खोर फक्कानला सासूच्या बागेत गेला. जाताना म्हणाला, "पत्र आलं तर जासिमबरोबर धाड." वर्ग सुटला. मी हिशेबाच्या वहीवर घाम गाळत बसलो. एक दिवस मामूंनी वही माझ्यासमोरून ओढून घेतली. "जासिम उद्या पहाटे डोंगरापलीकडे चाललाय. जा."

"काय सांगू त्याला?"

"मला काय विचारतोस? तोंड तुझंच चालतं ना एवढं?"

तेव्हा रस्ता नव्हताच. वाळू, मग खडी, मग कोरड्या नदीचं पात्र, त्यातल्या गोट्यांवरून उड्या मारत दिवसभर. वाटेत मी माफीचं भाषण पाठ करत होतो. हातवाऱ्यांसकट. जासिम म्हणाला, "उस्ताद, हे नाटकासारखं वाटतंय." मी हातवारे आवरले. शेवटचं वळण गेलं आणि खाली समुद्र दिसला, आमच्या बाजूच्या समुद्रापेक्षा निळा, आणि त्याच्या काठाला खजुरीचा हिरवा पट्टा.

बागेत पाटाचं पाणी वाहत होतं. सावलीत सडलेल्या फळांचा, ओल्या मातीचा आणि शेळ्यांचा मिळून एक गोड आंबट वास. आठ-दहा पोरं ओळीत उभी होती आणि त्यांच्यासमोर खलफान. त्याच्या डोक्यावर झावळीची टोपली, साहेबाची हॅट म्हणून.

"उस्ताद सेज, टच युवर नोज!" सगळी नाकं. "टच युवर इयर!" एक धाकटा फसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मरियम.

त्यानं मला पाहिलं. टोपली काढली, धावत आला, नाकाला नाक लावून भेटला. पत्राचं विचारलं नाही. खजुरीखालच्या चटईकडे हात करून म्हणाला, "सिट डाउन, उस्ताद."

आणि मी उभा राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. सवय असेल, लाज असेल. पोरांना वाटलं उस्ताद खेळतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "सिट डाउन! सिट डाउन!" ओरडायला लागली.

खलफान हसला नाही. त्यानं माझा हात धरला, तो चामड्यासारखा तळहात, आणि हळू आवाजात म्हणाला, "बस, उस्ताद. हा खेळ नाही. घर आहे."

मी बसलो. त्यानं रुताबची थाळी पुढे केली. मी खाली मान घालून खात राहिलो.

"त्या साहेबाला आपला खेळ ठाऊक नव्हता ना?" त्यानं विचारलं.

"नव्हता."

"मला वाटलंच होतं. इथं आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पाटाच्या काठी बसलो होतो आणि एकदम वाटलं." त्यानं थाळी माझ्याकडे आणखी सरकवली. "तू टाळ्या का वाजवल्यास, उस्ताद?"

मी हातातल्या बिया थाळीच्या कडेला एकेक करून मांडायला लागलो. त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. आणखी एक खजूर निवडून, बी काढून, माझ्या हातावर ठेवला. "कैझ संपला की कुवेतला जातो," म्हणाला. "मरियम इथं राहील. तिला खेळ सगळे येतात."

तो गेला. वर्ग पुन्हा भरला, फडक्याखाली चाकू-कांदे आले, संत्री उडाली. 'उस्ताद सेज' मात्र मी पुन्हा कधी घेतला नाही. जासिमनंही कधी मागितला नाही.

पुढच्या कैझात जासिमबरोबर खोर फक्कानहून रुताबची टोपली आली. खलफाननं सासूला निरोप धाडला होता, पहिली टोपली उस्तादला. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. तिसऱ्या वर्षी टोपली आणि बातमी एकाच लँड रोव्हरमधून आल्या. कुवेतच्या बंदरावर छातीत कळ आली, दुपारच्या उन्हात, पाठीवर ओझं असताना. तिकडेच दफन केलं. मरियम तेव्हा दहा वर्षांची होती. टोपली तिनं भरली होती, जासिम म्हणाला. वरची पिकलेली फळं दबू नयेत म्हणून खाली पानं घातली होती.

ती टोपली मामूंनी उघडली. मला जमलं नाही.

आणि काल मी सोफ्यासमोर उभा. थाळीतले रुताब एसीच्या हवेत गार होत होते. जिन्यावर पावलं वाजली, शमा चप्पल बदलायला आली होती. मला पाहून दारातच थबकली.

"अब्बा! यू आर स्टिल स्टँडिंग? व्हाय?"

"खेळ संपला असं तू सांगितलंच नाहीस."

"ओह, अब्बा!" ती हसत सुटली. "एव्हरीबडी नोज दॅट!"

"नाही गं," मी म्हटलं. "सगळ्यांना नसतं ठाऊक. टीचरनं सांगायचं असतं. मुलं दाराबाहेर जायच्या आधी."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तिचं हसू थांबलं. ती जवळ आली, टाचा उंचावून माझ्या खांद्यावर तिनं दोन्ही हात ठेवले आणि शाळेतल्या बाईंसारखा गंभीर चेहरा करून म्हणाली, "ओके. टीचर सेज, द गेम इज ओव्हर. टीचर सेज, सिट डाउन."

मी बसलो.